अनेकवचन आधी, अपॉस्ट्रॉफी नंतर

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात वसई तालुक्यातील नंदाखालसारख्या गावात तीन दिवस पाठोपाठ येतात. १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण, २ नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्त्या लावून केले जाणारे सर्व मृतांचे स्मरण आणि १४ नोव्हेंबरला शाळाशाळांतून साजरा होणारा बालदिन. मराठीत या तीन नावांमुळे कोणाची अडचण होत नाही. तीच नावे इंग्रजीत फळ्यावर किंवा निमंत्रणपत्रिकेवर लिहावयाची वेळ आली, की मात्र हात थबकतो. “ऑल सेंट्स’ डे” आणि “ऑल सोल्स’ डे” या नावांत अपॉस्ट्रॉफी शेवटच्या ‘एस’च्या पलीकडे बसते. “चिल्ड्रन’स डे” या नावात मात्र ती ‘एस’च्या अलीकडे येते. संत अनेक, मृतात्मे अनेक आणि मुलेही अनेकच. मग पंधरा दिवसांत या चिन्हाने जागा का बदलावी?

(या लेखात इंग्रजी शब्द देवनागरीत देताना अपॉस्ट्रॉफी मूळ शब्दात जेथे असते तेथेच ठेवली आहे. उच्चारात ती ऐकू येत नाही, ही या विषयातील पहिली अडचण होय.)

हा प्रश्न एकट्या नंदाखालचा नाही. परंतु घरी सामवेदी बोली, शाळेत व चर्चमध्ये प्रमाण मराठी आणि अर्ज, प्रमाणपत्रे, नोकरीचे पत्रव्यवहार इंग्रजीत, अशी तीन थरांची भाषाव्यवस्था असलेल्या या पट्ट्यात तो अधिक ठळकपणे दिसतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. शब्दसंग्रह वाढला, बोलण्यातील भीड चेपली. तरी शाळेच्या कमानीवर, रुग्णालयाच्या पाटीवर आणि संस्थेच्या लेटरहेडवर हे लहानसे चिन्ह चुकीच्या जागी बसलेले आढळतेच. चूक बहुधा एकाच ठराविक प्रकारची असते. ती समजून घ्यायची तर इंग्रजीपेक्षा मराठीकडूनच सुरुवात करणे सोयीचे आहे.

योगायोग असा, की मराठी व्याकरणाचा एक मोठा धागा याच तालुक्यातून जातो. ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ हे पुस्तक १८३६ मध्ये प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे आडनाव वसईजवळच्या तर्खड गावावरून आलेले आहे. मराठी नामाला विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते, हे शालेय व्याकरणातून प्रत्येकाला ठाऊक असते. ‘मूल’ या शब्दाला ‘चे’ थेट जोडून ‘मूलचे’ असे कोणी म्हणत नाही. एकवचनात ‘मुला’ असे रूप होते आणि मग ‘मुलाचे’. अनेकवचनात ‘मुलां’ असे रूप होते आणि मग ‘मुलांचे’. येथे अनेकत्व सांगण्याचे काम अनुस्वार करतो, मालकी सांगण्याचे काम ‘चे’ करतो. कामाची वाटणी स्पष्ट आहे आणि क्रमही ठरलेला आहे: आधी वचन, मग षष्ठी.

इंग्रजीतही क्रम हाच आहे. प्रथम शब्दाचे अनेकवचन पूर्ण लिहायचे, त्यानंतर मालकीचे चिन्ह जोडायचे. ‘टीचर’चे अनेकवचन ‘टीचर्स’. ते आधीच ‘एस’ या अक्षराने संपते. त्यापुढे आणखी एक ‘एस’ लिहिला तर उच्चारायला अवघड असा ‘टीचर्सेस’सारखा ध्वनी होईल, म्हणून फक्त अपॉस्ट्रॉफी लावून थांबतात: “टीचर्स’ डे”. ‘चाइल्ड’चे अनेकवचन ‘चिल्ड्रन’. हे ‘एन’ने संपते. तेथे ‘एस’ टाळण्याचे काही कारण नाही, म्हणून एकवचनाला जे लागते तेच पूर्ण चिन्ह, अपॉस्ट्रॉफी आणि ‘एस’, येथेही लागते: “चिल्ड्रन’स डे”. मेन, विमेन, फीट, टीथ, गीस, माइस, ऑक्सन, पीपल ही सर्व अनेकवचने याच रांगेत बसतात. “मेन’स”, “विमेन’स”, “ऑक्सन’स”, “माइस’स”. अपवाद नाही.

मग चूक कोठे होते? “अनेकवचन असेल तर अपॉस्ट्रॉफी ‘एस’च्या नंतर” असे एक सूत्र वर्गात पाठ करून घेतले जाते. ते नियमित नामांपुरते खरे असते. पण ‘एस’ मुळात आला कोठून, हा प्रश्न त्या सूत्रात दडपला जातो. ‘टीचर्स’मधील ‘एस’ अनेकवचनाचा आहे, तो आधीपासून तेथे होता. ‘चिल्ड्रन’मध्ये तसा ‘एस’ नाहीच; जो येतो तो मालकीचा. त्याला अनेकवचनाचा समजून चिन्ह पलीकडे ढकलले, की पाटीवर “चिल्ड्रन्स’ पार्क” उमटते. याचा अर्थ ‘चिल्ड्रन्स’ नावाच्या अनेकवचनाचे उद्यान, आणि असा शब्द इंग्रजीत नाही.

दुसरे कारण मराठीच्या घडणीत आहे. आपण ‘बालदिन’, ‘शिक्षक दिन’, ‘महिला दिन’, ‘माजी विद्यार्थी संघ’ असे म्हणतो. हे सारे समास आहेत. षष्ठी तत्पुरुषात विभक्तीचा प्रत्यय गळून पडतो आणि वचनही झाकले जाते. ‘बालदिन’ एका बालकाचा की सर्व बालकांचा, हे शब्द सांगत नाही आणि सांगण्याची गरजही भासत नाही. इंग्रजी मात्र येथे हिशेब मागते. समासाचे इंग्रजी करताना गळालेला प्रत्यय परत आणावा लागतो, आणि तो आणताना वचनही ठरवावे लागते. भाषांतर करणाऱ्याला हा निर्णय मराठीत कधी घ्यावाच लागलेला नसतो. म्हणूनच ‘बालदिन’चे थेट इंग्रजी करण्याऐवजी मनात आधी ‘मुलांचा दिवस’ असे फोडून पाहणे उपयोगाचे ठरते. ‘मुलांचा’मधील ‘चा’ बाजूला केला की उरते ते अनेकवचन. त्याचे इंग्रजी पूर्ण लिहावे, शेवटचे अक्षर पाहावे आणि मग चिन्ह द्यावे.

‘चिल्ड्रन’ हा शब्द स्वतःच एका जुन्या गोंधळाचा साक्षीदार आहे. प्राचीन इंग्रजीत ‘चाइल्ड’चे एक अनेकवचन ‘र’युक्त होते, त्यातून मध्ययुगात ‘चिल्डर’सारखे रूप रूढ झाले. पुढे ते अनेकवचन आहे हे जणू पुरेसे वाटेना, म्हणून त्याला ‘एन’चा आणखी एक अनेकवचनी प्रत्यय जोडला गेला. म्हणजे ‘चिल्ड्रन’ हे दुहेरी अनेकवचन आहे. ‘ब्रदर’पासून झालेले, आजही प्रार्थनेच्या भाषेत ऐकू येणारे ‘ब्रेदरन’ हेही तसेच. ‘चिल्ड्रन्स’ लिहिणारा पाटीवाला नकळत त्यावर तिसरा मजला चढवत असतो, एवढेच! ‘मॅन–मेन’, ‘फूट–फीट’, ‘गूस–गीस’ या जोड्यांची कथा निराळी आहे. फार पूर्वी त्यांच्या अनेकवचनी प्रत्ययात ‘इ’सारखा स्वर होता, त्याच्या ओढीने आधीचा स्वर बदलला, प्रत्यय झिजून गेला आणि बदललेला स्वर तेवढा मागे राहिला.

अपॉस्ट्रॉफी त्या मानाने बरीच अलीकडची. ती सोळाव्या शतकात फ्रेंच लेखनाच्या अनुकरणाने इंग्रजीत आली, आणि आली ती गाळलेले अक्षर दाखवण्यासाठी. जुन्या इंग्रजीत अनेक नामांच्या षष्ठीचा प्रत्यय ‘ई-एस’ असा होता. त्यातील ‘ई’ उच्चारातून गळाला आणि त्याच्या जागी हे चिन्ह बसले. हा मालकीचा ‘एस’ म्हणजे ‘हिज’ या सर्वनामाचा संक्षेप आहे, अशी एक समजूत पूर्वी खुद्द इंग्रजांमध्येही होती. “विमेन’स” या एकाच शब्दापुढे ती टिकत नाही. नियमित अनेकवचनानंतर नुसते चिन्ह लावण्याची प्रथा तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धानंतरच स्थिरावली.

येथे एका फसव्या गटाकडे लक्ष द्यायला हवे. शाळेच्या पुस्तकांत ‘वाइफ–वाइव्ह्ज’, ‘थीफ–थीव्ह्ज’, ‘लीफ–लीव्ह्ज’, ‘काफ–काव्ह्ज’ ही अनेकवचनेही ‘अनियमित’ या मथळ्याखाली दिलेली असतात. ‘एफ’ जाऊन ‘व्ही’ येतो, म्हणून ती अनियमित. पण ती शेवटी ‘एस’नेच संपतात. त्यामुळे षष्ठीच्या दृष्टीने ती पूर्णतः नियमित आहेत: “थीव्ह्ज’”, “वाइव्ह्ज’”. ‘लेडी–लेडीज’ याचेही तसेच. अनियमित अनेकवचनाला अपॉस्ट्रॉफी आणि ‘एस’ लावावे, असा नियम पाठ करणारा विद्यार्थी येथे हमखास फसतो. नियम अनियमितपणाचा नाहीच. तो शेवटच्या अक्षराचा आहे. आणि अक्षराचा म्हणजे अक्षराचाच, ध्वनीचा नव्हे. ‘माइस’, ‘लाइस’, ‘गीस’ यांच्या शेवटी कानाला ‘स’ ऐकू येतो, पण लेखनात ते ‘ई’ या अक्षराने संपतात. म्हणून त्यांना पूर्ण चिन्ह लागते आणि उच्चार ‘माइसेस’, ‘गीसेस’ असा होतो. उलट ‘क्रायसिस’चे अनेकवचन ‘क्रायसीज’ किंवा ‘थीसिस’चे ‘थीसीज’ कितीही परके व अनियमित वाटले, तरी ‘एस’ने संपते, त्यापुढे नुसती अपॉस्ट्रॉफी पुरते.

स्त्रियांसाठीच्या दोन इंग्रजी शब्दांत हा फरक उत्तम दिसतो, आणि विरार स्थानकावर रोज उतरणाऱ्यांच्या तो डोळ्यांसमोरचा आहे. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली दरम्यान सुरू झालेली आणि पुढे विरारपर्यंत वाढवण्यात आलेली ‘लेडीज स्पेशल’ लोकल ‘लेडीज’ हा शब्द वापरते. मालकी दाखवायची असेल तर तेथे चिन्ह ‘एस’नंतर येईल. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या, आज एसएनडीटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठाच्या नावात मात्र “विमेन’स युनिव्हर्सिटी” असे आहे. अर्थ जवळपास एकच. तरी एका शब्दात चिन्ह पलीकडे आणि दुसऱ्यात अलीकडे. त्यातून ‘वुमन’ आणि ‘विमेन’ यांतील फरक मराठी उच्चारात बहुधा पुसला जातो. दोन्हींना ‘वुमन’च म्हटले जाते आणि मग ८ मार्चच्या फलकावर “वुमन’स डे” लिहिले जाते. चिन्ह बरोबर जागी, पण दिवस एकाच स्त्रीचा!

असाच प्रकार नंदाखालहून जवळ असलेल्या अर्नाळ्यासारख्या कोळी वस्तीतील संस्थांच्या इंग्रजी नावांबाबत होऊ शकतो. ‘फिशरमन’ आणि ‘फिशरमेन’ हे शब्द बोलताना इंग्रजांच्या तोंडीही जवळजवळ सारखेच वाटतात. फरक लेखनातील एका स्वराचा. “फिशरमन’स सोसायटी” म्हणजे एका मच्छीमाराची संस्था आणि “फिशरमेन’स सोसायटी” म्हणजे मच्छीमारांची. सहकारी संस्थेच्या नावात पहिले रूप असणे विनोदीच म्हणायचे. अर्थात मराठीलाही हसण्याचा अधिकार नाही. ‘मच्छीमार’ हा शब्द एकवचनात आणि अनेकवचनात सारखाच राहतो. ‘मच्छीमाराची’ आणि ‘मच्छीमारांची’ यांत उरतो तो केवळ एक टिंब, आणि तो टिंब रंगाऱ्याच्या कुंचल्यातून किती वेळा निसटतो हे कोणतीही पाटी सांगेल. ‘फिश’, ‘शीप’, ‘डिअर’ यांची तर दोन्ही वचने तंतोतंत एक असल्याने “शीप’स” म्हणजे मेंढीचे की मेंढ्यांचे, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते.

अपॉस्ट्रॉफी वगळूनच टाकली तर? नियमित अनेकवचनांबाबत ही पळवाट बऱ्याच अंशी मान्य झाली आहे. ‘टीचर्स कॉलेज’सारख्या नावात ‘टीचर्स’ हे विशेषणासारखे वापरले आहे, मालकीदर्शक नव्हे, असे म्हणता येते. चिन्ह काढले तरी खाली एक खरा शब्द शिल्लक राहतो. अनियमित अनेकवचनांना ही सवलत नाही. ‘चिल्ड्रन्स’, ‘मेन्स’, ‘विमेन्स’ हे चिन्हाशिवाय उभे राहू शकणारे शब्दच नव्हेत. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची शैलीपुस्तिका याच कारणाने अशा नावांत चिन्ह आवश्यक मानते. १९५७ साली दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर यांनी स्थापन केलेला “चिल्ड्रन’स बुक ट्रस्ट”, किंवा १९५५ मध्ये सुरू होऊन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालेली “चिल्ड्रन’स फिल्म सोसायटी” ही नावे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. इंटरनेटवरील संकेतस्थळांच्या पत्त्यांत मात्र हे चिन्ह चालत नाही. तेथे ते नाइलाजाने गाळले जाते आणि चिन्हाविना रूप पाहण्याची डोळ्यांना सवय होते. तंत्राची ती मर्यादा आहे, तिला भाषेची परवानगी समजू नये.

या सर्व शब्दांत सर्वाधिक विचार करायला लावणारा शब्द ‘पीपल’. तो ‘पर्सन’चे अनेकवचन म्हणून वापरला जातो, तेव्हा त्याचा अर्थ ‘लोक’ आणि त्याची षष्ठी “पीपल’स”. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या शिक्षणसंस्थेचे नाव “पीपल’स एज्युकेशन सोसायटी” असे आहे. परंतु हाच शब्द ‘एक जनसमूह’ या अर्थी एकवचनीही असतो आणि मग त्याचे स्वतःचे नियमित अनेकवचन होते, ‘पीपल्स’, म्हणजे अनेक जनसमूह. त्याची षष्ठी “पीपल्स’”. चिन्ह अलीकडे असेल तर लोकांचे, पलीकडे असेल तर जनसमूहांचे.

हा निव्वळ व्याकरणाचा खेळ नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात वारली, कातकरी, कोळी मल्हार अशा अनेक आदिवासी जमाती राहतात आणि ९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन येथे मोठ्या प्रमाणावर साजरा होतो. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९४ मध्ये हा दिवस जाहीर केला, तेव्हा त्याच्या इंग्रजी नावात ‘पीपल’ असा शब्द होता. आज तेथे ‘पीपल्स’ आहे. १३ सप्टेंबर २००७ रोजी संमत झालेल्या आदिवासी हक्कांच्या जाहीरनाम्यातही ‘पीपल्स’ हेच रूप आहे. मध्यंतरीच्या वर्षांत या एका ‘एस’वर आंतरराष्ट्रीय बैठकांत बराच वाद झाला, कारण त्याला कायदेशीर अर्थ होता. ‘पीपल’ म्हटले तर सुट्या सुट्या व्यक्तींचे हक्क. ‘पीपल्स’ म्हटले तर प्रत्येक समूहाचे समूह म्हणून, आपापल्या जमिनीसह, भाषेसह व परंपरेसह असलेले हक्क. म्हणून एखाद्या निवेदनाचे इंग्रजी करताना ‘आदिवासींचे हक्क’ या शब्दांसाठी “पीपल’स राइट्स” लिहायचे की “पीपल्स’ राइट्स”, हे भाषांतरकाराने सवयीवर सोडू नये. मराठी शब्दयोजना दोन्ही अर्थ पोटात घेऊन मोकळी होते. इंग्रजीत चिन्हाच्या जागेनेच भूमिका घेतली जाते.

एकवचन मुद्दाम निवडल्याचेही उदाहरण आहे. अमेरिकेत मातृदिनाचा पुरस्कार करणाऱ्या अ‍ॅना जार्विस यांचा आग्रह “मदर’स डे” या एकवचनी रूपाचा होता. जगातील समस्त मातांचा नव्हे, तर प्रत्येक कुटुंबाने आपल्या आईचा मानावयाचा दिवस, ही त्यामागची कल्पना. १९१४ मध्ये त्या दिवसाला अधिकृत मान्यता मिळाली तीही याच रूपात.

जोडशब्दांत अनेकवचनाचा प्रत्यय मध्येच येतो, तेव्हा मालकीचे चिन्ह कोठे द्यावे हा आणखी एक पेच. ‘मदर-इन-लॉ’चे अनेकवचन ‘मदर्स-इन-लॉ’. सासवांची खोली म्हणायचे तर “मदर्स-इन-लॉ’स रूम”: अनेकत्व पहिल्या शब्दावर, मालकी शेवटच्या शब्दावर. दोन नामे ‘आणि’ने जोडलेली असतील तर मराठीतील सवय उपयोगी पडते. ‘शिक्षक व विद्यार्थ्यांची सभा’ म्हणजे एकच सभा. ‘शिक्षकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या सभा’ म्हणजे वेगवेगळ्या. इंग्रजीतही मालकी एकत्र असेल तर चिन्ह शेवटच्या नामाला, स्वतंत्र असेल तर दोन्हींना. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड शहरात “विमेन’स अँड चिल्ड्रन’स हॉस्पिटल” आहे. तेथे दोन्ही शब्दांना चिन्ह दिलेले आढळते.

जीभ अडखळेल तेथे चिन्ह टाळण्याची सोयही इंग्रजीत आहे. मराठीला ‘चा-ची-चे’ हा एकच मार्ग. इंग्रजीत ‘ऑफ’ हे शब्दयोगी अव्यय मदतीला येते. लॅटिन वळणाच्या अनेकवचनांबाबत तेच अधिक शोभते. नाताळच्या गोठ्यात दिसणारे पूर्वेकडील ज्ञानी पुरुष म्हणजे ‘मेजाय’, हे ‘मेगस’चे अनेकवचन. त्यांची षष्ठी “मेजाय’स” अशी करता येते, पण ओ. हेन्री यांनी आपल्या सुप्रसिद्ध कथेला ‘द गिफ्ट ऑफ द मेजाय’ असेच नाव दिले. मुंबईत १९२९ मध्ये उभ्या राहिलेल्या बाई जेरबाई वाडिया रुग्णालयाच्या इंग्रजी नावात तर ‘फॉर चिल्ड्रन’ असे शब्द आहेत. ‘मुलांचे’ऐवजी ‘मुलांसाठी’ म्हटले, की अपॉस्ट्रॉफीचा प्रश्नच उरत नाही.

वसईत मात्र या चिन्हाला पूर्ण टाळणे कठीण, कारण ते घरांच्या दारांवरच बसलेले आहे. १७३९ मध्ये पोर्तुगीज सत्ता गेली, आडनावे राहिली. डि’सोझा, डि’मेलो, डि’कुन्हा या नावांतील अपॉस्ट्रॉफी इंग्रजी लेखनात ‘दे’मधील गळालेला स्वर दाखवते, मालकी नव्हे; म्हणजे या चिन्हाचे जे मूळचे काम, तेच ती येथे करते. लोपीस, फर्नांडिस अशा ‘एस’ने संपणाऱ्या आडनावांचे अनेकवचन ‘लोपीसेस’ होते आणि त्यांच्या घराला “लोपीसेस’ हाउस” म्हणावे लागते. डि’सोझा कुटुंबाने दारावर “द डि’सोझाज’ हाउस” अशी पाटी लावली, तर एकाच नावावर दोन अपॉस्ट्रॉफी येतील: पहिली गळालेल्या स्वराची, दुसरी मालकीची. रंगाऱ्याने दोन्ही ठेवल्या पाहिजेत.